फोटो टाकण्याआधी

समाजमाध्यमांवर खासगीपणा सगळेच जपतात; पण कोणापासून आणि कसा, हे समाजागणिक बदलतं.

जर्मनीत स्वतःच्या छायाचित्रावर माणसाचा कायदेशीर हक्क आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला, तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री खिडकीतून त्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून गदारोळ झाला आणि पुढे १९०७ मध्ये कायदा आला: काही अपवाद सोडले, तर संमतीशिवाय कोणाचंही छायाचित्र प्रसिद्ध करायचं नाही. समाजमाध्यमांवरच्या फोटोंनाही आज हेच तत्त्व लावलं जातं.

जपानमध्ये अनेकजण टोपणनावाने वावरतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘मिक्सी’ या समाजमाध्यमावर हीच रीत रुळली होती; खऱ्या नावाचा आग्रह धरणारं फेसबुक म्हणूनच तिथे अनेकांना अवघड वाटलं.

आपल्याकडे फोन घरभर फिरतो. मुलाच्या हाती देण्याआधी आई काही चॅट पुसते, गॅलरीला लॉक लावते. फोन द्यायला नकार दिला, तर संशय येतो. चेहऱ्याच्या गैरवापराची भीती वेगळीच. त्यामुळे अनेक स्त्रिया प्रोफाइलला फुलाचा किंवा देवाचा फोटो लावतात. फेसबुकने २०१७ मध्ये प्रोफाइल फोटो इतरांनी उतरवून घेऊ नये म्हणून असलेलं ‘गार्ड’ हे सेटिंग आधी भारतात आणलं, ते याच कारणाने.

पण असं सेटिंग फक्त आपलं खातं सांभाळतं, फोटोतल्या इतरांना नाही. म्हणून बारशाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी बाळाच्या आई-वडिलांना विचारावं. नात्यात विचारणं परकेपणाचं नाही, ते आदराचं आहे.