घरांतील बिनतारी इंटरनेट मंद कां चालतें?

आपल्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां संगणक आहे, व त्यास तारेवांचून इंटरनेट पुरविणारा राउटरहि आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, पीक विम्याचा अर्ज, अनुदानाची नोंदणी, बाजारभाव, हवामानाचा अंदाज हीं कामें ह्याच वाटेनें होऊं लागलीं आहेत. अशा स्थितींत इंटरनेट मंद चालणें ही केवळ गैरसोय राहत नाहीं. विम्याची मुदत सरत आली असतां पान उघडेना, किंवा उताऱ्याचे १५ रुपये खात्यांतून वजा झाले व उतारा मात्र हातीं पडेना, म्हणजे शेतकऱ्याचें नुकसान होतें. मग चिडून पुष्कळ लोक एकच उपाय करतात. कंपनीस फोन करून अधिक वेगाची व अधिक पैशांची योजना घेतात. महिना सरतो, पैसे जातात, आणि वेग होता तेवढाच राहतो. कारण दोष कोठें आहे हें न पाहतांच औषध दिलेलें असतें.

इंटरनेट आपल्या संगणकापर्यंत येतें त्या वाटेचे दोन भाग आहेत. पहिला भाग कंपनीच्या केंद्रापासून काचतंतूच्या अथवा तांब्याच्या तारेनें घरांतील राउटरपर्यंत. दुसरा राउटरपासून संगणकापर्यंत, हवेंतून. कालव्याचें पाणी घेणाऱ्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. चारीच्या मुखाशीं पुरेसें पाणी येत असून शेताच्या टोकास तें पोंचत नसेल, तर पाटबंधाऱ्याच्या कचेरींत अर्ज करून काय होणार? शेतचारी कोठें फुटली आहे तेंच पाहावें लागतें. म्हणून प्रथम पंचनामा, मग खर्च.

पंचनामा असा करावा. राउटरच्या पाठीमागें ज्या चौकोनी खोबणी असतात, त्यांपैकीं एकींत लॅन केबलीचें एक टोंक व संगणकांत दुसरें टोंक बसवावें. ज्या लॅपटॉपला अशी खोबण नसते त्यास यूएसबीचा जोड बाजारांत मिळतो. संगणकाचें वायफाय बंद करावें, घरांतील बाकीचीं यंत्रें घटकाभर थांबवावीं आणि वेग मोजणारें एकादें पान उघडून आंकडा टिपावा. सकाळीं, दुपारीं व रात्रीं नऊच्या सुमारास, असे दोन दिवस आंकडे घ्यावे. नंतर केबल काढून, राउटरपासून सात-आठ फुटांवर बसून, बिनतारी वेग मोजावा. आणि शेवटीं रोजच्या बसण्याच्या जागीं. दिनांक, वेळ, जागा व आंकडा असे चार रकाने वहींत आंखून घ्यावे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें त्यास टिपणाचें वेड आहे असें कोणी म्हणेल. परंतु ह्या वहीचा उपयोग पुढें दिसेल.

समजा, योजना १०० मेगाबिटची आहे. केबलीनें ९४ आले, राउटरजवळ बिनतारी ४० आले व माडीवर ३ आले. येथें कंपनीचा दोष नाहीं. तिनें माल दारापर्यंत पोंचविला आहे. (केबलीचा ९४ हा आंकडा पाहून तक्रार करूं नये. १०० च्या खोबणींतून साधारण तेवढेंच निघतें.) उलट केबलीनें सकाळीं ९० व रात्रीं ८ येत असतील, तर घरांतील कितीहि यंत्रें बदललीं तरी गुण येणार नाहीं. सायंकाळीं सगळ्या गांवाची गर्दी एकाच तारेवर होते व ती तार अपुरी पडते, असें समजावें.

ह्या हिशेबांत एक घोळ नेहमीं होतो. कंपनी वेग बिटांत सांगते आणि संगणक उतरवून घेतलेली फाइल बाइटांत दाखवितो. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटची जोडणी सेकंदास फार तर १२.५ मेगाबाइट देईल. भारत सरकारनें २०२३ सालीं ब्रॉडबँड ह्या नांवास पात्र होण्यास किमान २ मेगाबिट वेग ठरविला आहे. साधा अर्ज भरण्यास तेवढाहि स्थिर वेग पुरतो. मुलांचा चित्रपट चालू असतां मात्र पुरत नाहीं.

आणखी एक बारीक परीक्षा आहे. विंडोजच्या संगणकांत कमांड प्रॉम्प्ट नांवाची काळी चौकट उघडून, रोमन अक्षरांत पिंग हा शब्द व त्यापुढें राउटरचा पत्ता लिहावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असून राउटरच्या बुडास चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो; आंकडे अर्थात् इंग्रजी द्यावे. संगणक राउटरला चार वेळ हांक मारतो आणि उत्तर यावयास किती मिलिसेकंद लागले तें सांगतो. बिनतारी जोडणी निरोगी असेल, तर हा आंकडा दहाच्या आंतबाहेर राहतो. तो एकदां ३, एकदां २०० अशा उड्या मारूं लागला, किंवा उत्तरच आलें नाहीं, तर दोष घराच्या आंतच आहे. कारण ही हांक घराबाहेर गेलेलीच नसते.

आतां हवेंतील भाग. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत बोलतात: २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी दूर जातात व भिंती बऱ्यापैकीं ओलांडतात, परंतु तेथें गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचीं यंत्रें, सगळीं त्याच पट्ट्यांत असतात. मायक्रोवेव्ह भट्टीहि सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, व ती चालू असेपर्यंत जवळच्या संगणकाचा वेग कोसळलेला दिसतो. दुसरा पट्टा रुंद व मोकळा आहे, पण त्याच्या लहरी भिंतीपुढें लवकर थकतात. म्हणून राउटरच्या खोलींत ५ चा व दूरच्या खोलींत २.४ चा पट्टा धरावा. दोन्ही पट्ट्यांस निरनिराळीं नांवें देऊन ठेविलीं, म्हणजे आपण कोणत्या वाटेवर आहों हें कळतें. राउटरच्या नांवापुढें जें ५जी असें लिहिलेलें असतें त्याचा मोबाइलच्या पांचव्या पिढीशीं कांहीं संबंध नाहीं. तो ह्या पट्ट्याचाच आंकडा आहे.

२.४ च्या पट्ट्यांत आपल्या देशांत १३ चॅनल वापरतां येतात, परंतु त्यांचे बांध एकमेकांच्या शेतांत शिरलेले आहेत. एकमेकांस न खेटणारे असे नेहमीं १, ६ व ११ हे तीनच घेतात. तालुक्याच्या गांवीं दाट वस्तींत दहा-बारा राउटर एकाच चॅनलवर ओरडत असतात. कोठें गर्दी कमी आहे हें दाखविणारें फुकट ॲप मोबाइलवर मिळतें. त्याप्रमाणें राउटरच्या पानावर जाऊन चॅनल बदलावा.

तथापि आपल्याकडील घरांत खरा शत्रु भिंत हाच आहे. काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट रुंद भिंती, मातीचे जाड धाबे, सळयांचा स्लॅब, ह्यांतून लहर पार होतां होतां अर्धमेली होते. भिंतींत ओल मुरली तर आणखीच वाईट, कारण पाणी ह्या लहरी शोषून घेतें. पत्रा, लोखंडी कपाट व धान्याची लोखंडी कोठी त्यांस परतवून लावतात. आणि राउटर बसविणारा माणूस तार जेथून घरांत शिरते तेथेंच, बहुधा ओटीच्या कोपऱ्यांत खिडकीशेजारीं, खिळा ठोकून मोकळा होतो. अर्ध्या लहरी गोठ्यांतील गुरांच्या वांट्यास जातात! राउटर घराच्या मध्यभागीं, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावा. टीव्हीच्या मागें, कपाटांत किंवा टाकीजवळ नको. अँटेना उभी ठेविल्यास लहर आडवी पसरते व टोंकाच्या दिशेस क्षीण असते. माडीवर संगणक असेल तर दोहोंपैकीं एक अँटेना आडवी करून पाहावी. ह्या एका फेरबदलास पैसा लागत नाहीं. लागलीच तर दहा-वीस हात तार.

एकाच चॅनलवर एका वेळीं एकच यंत्र बोलूं शकतें, बाकीचीं थांबतात. जुना मोबाइल किंवा फार दूरचा कॅमेरा अगदीं सावकाश बोलतो, आणि अरुंद रस्त्यावरील बैलगाडीमागें मोटारी अडाव्या तशीं नवीं यंत्रें त्याच्यामागें खोळंबतात. राउटरच्या पानावर कोणकोणतीं यंत्रें जोडलेलीं आहेत त्याची यादी असते ती वाचावी. अनोळखी नांव दिसल्यास परवलीचा शब्द बदलावा, व सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावी. टीकेआयपी ही जुनी पद्धत चालू राहिली असेल, तर वेग ५४ मेगाबिटच्या वर जातच नाहीं.

संगणकाच्या अंगीं असणारे दोष थोडक्यांत सांगतों. विंडोज आपलीं सुधारणापत्रें गुपचूप उतरवून घेत असतें, आणि छायाचित्रें आपोआप दूरच्या कोठारांत चढत असतात. टास्क मॅनेजरमध्यें हें दिसतें. बॅटरी वांचविण्याची सोय वायफायची शक्ति कमी करते. यूएसबी ३ ची हार्डडिस्क वायफायच्या अँटेनेस खेटून ठेविली, तर २.४ च्या पट्ट्यांत खरखर उत्पन्न होते. ती हातभर दूर न्यावी.

दूरच्या खोलींत वेग पोंचेचना, तर लोक एक्स्टेंडर घेतात. तो जेथें वेग मेला आहे तेथें लावूं नये. जेथें अजून चांगला येतो अशा मधल्या ठिकाणीं लावावा. शिवाय तो एकाच पट्ट्यावर ऐकतो व बोलतो असा असल्यास वेग सुमारें निम्मा होतो. त्यापेक्षां लॅन केबल ओढून दुसऱ्या टोंकास दुसरा राउटर बसविणें केव्हांहि चांगलें. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. मात्र घरापासून गोठ्यापर्यंत किंवा मळ्यांतील खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊं नये. वळवाच्या विजा तिच्यावाटे दोन्हीकडील यंत्रें जाळतात. तेथें काचतंतूची केबल घ्यावी. काच वीज वाहत नाहीं. ज्या काचतंतूंत बळकटीसाठीं लोखंडी तार घातलेली असते तो मात्र टाळावा.

केबलीवरच वेग कमी येत असेल, तर प्रथम राउटरचा वीजपुरवठा पाहावा. सायंकाळीं दाब उतरतो त्या गांवीं, किंवा ॲडॅप्टर म्हातारा झाला असतां, राउटर पुन्हां पुन्हां बंद होऊन सुरू होतो व दोष इंटरनेटचा वाटतो. काचतंतु खिळ्याभोंवतीं दुमडलेला किंवा उंदरांनीं कुरतडलेला आहे काय तें बघावें. लॉस असें लिहिलेला दिवा तांबडा झाला असेल, तर केंद्राकडून प्रकाशच येत नाहीं. एवढें पाहून मग कंपनीकडे तक्रार द्यावी, आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्यावांचून फोन ठेवूं नये. पलीकडचा माणूस मोठी योजना घ्या म्हणेल. त्यास वहींतील केबलीचे आंकडे तारीखवार वाचून दाखवावे. समाधान झालें नाहीं, तर २०१२ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक कंपनीस अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे तक्रारीचा क्रमांक व दोन दिवसांच्या टिपणाची नक्कल जोडून अपील करावें; त्यास फी पडत नाहीं.