कोंबडी पिसं टाकतेय, जंताचं औषध द्यायचं का?

गणपती झाले, भात पोटरीला आलं की उमरोळीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मी परजीवींवर पीएचडी करते. गावात त्याचा अर्थ ‘पोरगी किड्यांचं काहीतरी शिकते’ एवढाच, आणि तो काही अगदीच चूक नाही. प्रश्न साधारण असा असतो: “अगं, कोंबडीची पिसं झडतायत, अंडी बंद झालीत, हाताला हलकी लागते. जंत झालेत. औषध देऊ ना?” कधीकधी औषध देऊन झालेलं असतं. शाळेत मुलांना वाटतात त्या जंताच्या गोळीतली अर्धी गोळी भाताच्या घासातून.

जे विद्यार्थी मला ‘संशोधनाचा विषय कसा शोधायचा’ असं विचारतात त्यांच्यासाठी हा प्रश्न आज उलगडून लिहिते. पाच-सहा गावठी कोंबड्या असलेल्या घरात एक कोंबडी मेली तर ते नुकसान खरं असतं. आणि या एका वाक्यात निदान, कार्यकारण, डोस आणि वेळ असे वेगवेगळे चार प्रश्न एकमेकांत अडकलेत.

आधी पिसांकडे बघू. कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की दरवर्षी जुनी पिसं टाकून नवी घालते. याचा मुख्य इशारा म्हणजे लहान होत जाणारा दिवस. पालघरच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. फरक युरोपइतका मोठा नाही, म्हणून आपल्याकडे सगळ्या कोंबड्या एकाच आठवड्यात उघड्या पडत नाहीत. कुणी सप्टेंबरात सुरू करते, कुणी नोव्हेंबरात. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेपूट असा क्रम असतो. पूर्ण व्हायला दोन-तीन महिने लागतात. या काळात अंडाशय आक्रसतं आणि अंडी थांबतात. पीस जवळजवळ सगळंच प्रथिन, त्यातही गंधक असलेली अमिनो आम्लं जास्त लागणारं केराटिन. अंड्यात जाणारं प्रथिन पिसाकडे वळवलं जातं, असं ढोबळमानाने समजा.

म्हणजे पिसं झडणं, अंडी बंद होणं आणि वजन थोडं उतरणं या तिन्ही गोष्टी एकही जंत नसलेल्या कोंबडीतही होतात. (खुडूक बसलेली कोंबडीही अंडी थांबवते आणि पोटाची पिसं उपटते, पण ती बसून राहते आणि हात लावला की फुगते. ते अनुभवी बायकांना कुणी सांगायला नको.)

आता जंत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीत मुख्य गोलकृमी म्हणजे अस्करिडिया गॅली. लहान आतड्यात राहतो, पाच ते बारा सेंटिमीटर लांब. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि जमिनीत कित्येक महिने टिकतात. कोंबडीने ती टिपली की पोटात मोठे जंत होऊन पुन्हा अंडी पडायला पाच ते आठ आठवडे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. दुसरा हेटराकिस, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, अंधांत्रात राहणारा. तिसरे पट्टकृमी. त्यांना मधला यजमान लागतो, मुंग्या किंवा भुंगे; त्यांचे तुकडे विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात.

आता कॅलेंडर डोळ्यासमोर आणा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे धो-धो पाऊस. अंगण ओलं, खुराडं ओलं, कोंबड्या दिवसभर त्याच चार कोपऱ्यांत. जंतांच्या अंड्यांना याहून चांगलं काय हवं? जुलै-ऑगस्टमध्ये गिळलेली अंडी सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठे जंत होऊन बसतात. नेमकं तेव्हाच दिवस लहान व्हायला लागल्यामुळे पिसं झडू लागतात. एका घड्याळाला पावसाने चावी दिलेली, दुसऱ्याला सूर्याने, आणि दोन्हींचे टोले एकाच महिन्यात पडतात. ‘पिसं झडतात तेव्हा जंत सापडतात’ हे निरीक्षण खरं असू शकतं आणि तरीही जंतांमुळे पिसं झडली असं त्यातून सिद्ध होत नाही. पुस्तकात कन्फाउंडर म्हणून जो शब्द तुम्ही पाठ करता तो इथे अंगणात दाणे टिपतोय.

उलट दिशाही तपासायला हवी. पिसं टाकताना प्रतिकारशक्ती उतरते म्हणून जंत वाढतात का? यावर लगेच सांगितले जाणारे प्रयोग अमेरिकेतले, १९९० च्या दशकातले. कोंबड्यांना जबरदस्तीने पिसं टाकायला लावलं तर त्यांच्या काही टी-पेशी कमी होतात आणि साल्मोनेलाचा संसर्ग जास्त जोरात होतो असं त्यांत दिसलं. पण जबरदस्तीने म्हणजे कसं? अनेक दिवस खाणं बंद करून. मग परिणाम पिसं टाकण्याचा की उपासमारीचा? त्या मांडणीतून हे वेगळं काढता येत नाही. शिवाय साल्मोनेला जीवाणू आहे, जंत नाही. उमरोळीची कोंबडी ऑक्टोबरात उपाशी नसते, कापणीच्या शेतात सांडलेलं भात टिपत असते. निष्कर्ष उचलताना प्रयोगातल्या प्राण्याचं पोट भरलेलं होतं का, हेसुद्धा बघावं लागतं.

आता औषध. इथे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. पहिला म्हणतो, पिसं टाकण्याचा काळच औषधाला उत्तम, कारण अंडी बंद असतात. तर्क वाईट नाही. अंड्याचा बलक बाहेर पडण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत भराभर भरतो, त्यामुळे आज दिलेल्या औषधाचा अंश पुढच्या कित्येक अंड्यांत येऊ शकतो. अंडीच नसतील तर प्रश्न मिटला. दुसरा सल्ला म्हणतो, पिसं येत असताना फेनबेंडाझोल बिलकुल देऊ नका, पिसं वाकडी येतात.

दुसऱ्या सल्ल्याचं मूळ शोधण्यासारखं आहे. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल ही बेंझिमिडाझोल गटातली औषधं. ती जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्यूब्युलिनला चिकटतात, सूक्ष्मनलिका बनू देत नाहीत आणि पेशीचं काम ठप्प होतं. जंताच्या ट्यूब्युलिनला ती जास्त घट्ट चिकटतात आणि आपल्या किंवा कोंबडीच्या ट्यूब्युलिनला कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. डोस वाढला की जिथे पेशी भराभर विभागतात तिथे फटका बसतो: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा आणि वाढत्या पिसाचं मूळ. २००२ मध्ये कबुतरं आणि होल्यांतल्या विषबाधेचा आणि २००३ मध्ये गिधाडं आणि माराबू करकोच्यांतल्या संशयित विषबाधेचा अहवाल प्रसिद्ध झाला. पक्षी मेले, अस्थिमज्जा रिकामी झालेली दिसली. वाढीच्या काळात औषध दिलेल्या पक्ष्यांत पिसं विकृत आल्याच्या नोंदीही आहेत.

म्हणजे सल्ला बरोबर? थांबा. कबूतर म्हणजे कोंबडी नव्हे. बेंझिमिडाझोल सहन करण्याची ताकद पक्ष्यांच्या गटागटांत वेगळी आहे. आणि डोस बघा. युरोप आणि अमेरिकेत कोंबड्यांसाठी मान्य असलेला फेनबेंडाझोलचा डोस पाण्यातून दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम, पाच दिवस, आणि त्या डोसाला अंडी टाकून द्यायची अटही नाही. विषबाधेच्या नोंदींतले डोस याच्या अनेक पट. तेव्हा ‘कोंबडीलाही पिसांच्या काळात अपाय होईल’ हे यंत्रणेवरून पटण्यासारखं अनुमान आहे, मान्य डोसाला कोंबडीत दिसलेली गोष्ट नव्हे. या दोन वाक्यांतला फरक मुलाखतीत सांगता आला तर अर्धं काम झालं.

आता ती अर्धी गोळी. मुलांची अल्बेंडाझोलची गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. अर्धी म्हणजे २००. गावठी कोंबडी दीड किलोची धरली तर दर किलोला साधारण १३३ मिलिग्रॅम. कोंबड्यांतल्या जंतांवर अल्बेंडाझोल तपासणाऱ्या २००७ च्या अभ्यासात दर किलोला ५, १० आणि २० मिलिग्रॅम असे डोस होते. म्हणजे भाताच्या घासातून जाणारा डोस त्यातल्या सर्वांत मोठ्या डोसाच्याही साडेसहा पटीहून जास्त, आणि तोही पिसांची मुळं जोरात काम करत असताना. इथे मला अजिबात संदिग्ध बोलायचं नाही: ही गोळी कोंबडीला देऊ नका. औषध द्यायचंच तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या. फक्त मोठे अस्करिडिया असतील तर जुनं पिपराझिन आहे. ते जंताचे स्नायू ढिले पाडतं, पेशीविभाजनाशी त्याचा संबंध नाही, पण लहान अळ्या आणि पट्टकृमी त्याला दाद देत नाहीत.

समजा यावर तुम्हाला खरोखर अभ्यास करायचा आहे. ‘पिसं टाकणाऱ्या आणि न टाकणाऱ्या कोंबड्यांत औषधाची तुलना’ असा पहिला आराखडा जवळजवळ प्रत्येकजण मांडतो आणि तो फसतो. चांगली अंडी देणाऱ्या कोंबड्या उशिरा आणि झटपट पिसं टाकतात, कमी देणाऱ्या लवकर आणि रेंगाळत. ऑक्टोबरातले तुमचे दोन गट मुळातच वेगळ्या कोंबड्यांचे आहेत, औषध बाटलीतून बाहेर येण्याआधीच. त्यामुळे सगळ्या पिसं टाकणाऱ्याच घ्या आणि औषध कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

चिठ्ठी घराची की कोंबडीची? एका घरच्या कोंबड्या एकच अंगण उकरतात, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांसारखे असतात. घराची चिठ्ठी टाकली आणि दर घरी ६ कोंबड्या, आपसातला सहसंबंध ०.३ धरला, तर डिझाइन इफेक्ट १ + ५ × ०.३, म्हणजे २.५. १२० कोंबड्या मोजून तुमच्या हातात माहिती ४८ कोंबड्यांची. एकाच घरात अर्ध्यांना औषध दिलं तर घराघरातला फरक गळून पडतो. पण बिनऔषधाच्या कोंबड्या अंगण घाण करतच राहणार, मग औषध दिलेल्यांना पुन्हा संसर्ग होणार नाही का? होईल. पण तो विष्ठेत दिसायला पाच ते आठ आठवडे. औषधानंतर चौदाव्या दिवशी मोजलंत तर नवा संसर्ग अजून अंडी घालायच्या वयातच आलेला नसतो. जंताचं जीवनचक्र पाठ करायचं ते परीक्षेसाठी नाही, यासाठी.

बिनऔषधाचा गट हवाच. एक कल्पित उदाहरण घ्या. औषधाच्या गटात विष्ठेच्या दर ग्रॅममागे अंडी ६०० वरून १५० झाली. घट ७५ टक्के, सगळे खूश. पण बिनऔषधाच्या गटात त्याच दिवसांत ६०० ची ४०० झाली असतील तर? अंगण वाळलं, शिवाय सुरुवातीला जास्त आकड्याच्या कोंबड्या निवडल्या म्हणून पुढचा आकडा आपोआप सरासरीकडे घसरला. आता १५० ची तुलना ४०० शी करायची. घट उरली ६२.५ टक्के. एवढ्या फरकाने औषध निकामी होऊ लागलंय की नाही हा निर्णय उलटू शकतो. टर्कीतल्या अस्करिडियाच्या एका जातीत फेनबेंडाझोलला प्रतिकार अमेरिकेत नोंदवला गेलेला आहे, तेव्हा ही काळजी निव्वळ कागदी नाही.

पिसांचं मोजमाप मात्र जास्त कष्टाचं. ‘वाकडं पीस’ ही नोंद चालणार नाही. पंखातलं ठरावीक पीस घ्या, त्याची लांबी आणि त्यावरच्या ताणाच्या आडव्या पारदर्शक रेघा मोजा, आणि मोजणाऱ्याला कुठल्या कोंबडीला औषध मिळालं हे कळू देऊ नका. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मान्यता ऑगस्टच्या आत हातात हवी. ऑक्टोबरात अर्ज केलात तर पुढच्या वर्षीच्या पिसांची वाट बघा.

तोवर विचारणाऱ्या काकूंना मी काय सांगते? छातीचं मधलं हाड चाचपून बघा: सुरीच्या धारेसारखं लागतं का? तुरा फिका पडलाय का, हगवण आहे का, विष्ठेत जंत दिसतात का? यातलं काही नसेल आणि आत नव्या पिसांचे कोंब फुटलेले दिसत असतील तर औषध थांबवा आणि खाणं सुधारा. नुसत्या भातात प्रथिन कमी. मूठभर जवळा, मीठ न लावलेला, सातपाटीच्या बाजूने येणारा, रोजच्या खाण्यात मिसळा. खुराड्यातली ओली विष्ठा काढून उन्हं दाखवा. लक्षणं असतील तर आधी विष्ठा तपासा, आणि हे शक्यतो ऑगस्टअखेरच करा, म्हणजे औषध लागलंच तर पिसांचे कोंब फुटण्याआधी देऊन होईल.

नमुना घेतानाची एक गोष्ट, जी पद्धतीच्या पानावर सहसा कुणी लिहीत नाही. कोंबडीची विष्ठा दोन प्रकारची: नेहमीची, पांढऱ्या टोपीची, आणि मधूनच पडणारी चिकट, तपकिरी, घाण वासाची, ती अंधांत्रातली. हेटराकिसची अंडी या दुसरीतून येतात. फक्त पहिलीच उचललीत तर हेटराकिस तुमच्या गावात नाहीच असं दिसेल; दोन्ही मिसळलीत तर अस्करिडिया आणि हेटराकिसची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली इतकी सारखी दिसतात की मोजताना वेगळी काढणं कठीण. दोन डब्या न्या आणि झाकणावर प्रकार लिहून ठेवा.