वंडरवॉल म्युझिक

'वंडरवॉल म्युझिक' हा इंग्लंडमधील 'द बीटल्स' या रॉक बँडचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांचा १९६८ साली प्रकाशित झालेला संगीतसंग्रह आहे. जो मॅसो दिग्दर्शित 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी रचलेले हे संगीत काही लंडनमध्ये आणि काही मुंबईत ध्वनिमुद्रित झाले. बीटल्सच्या एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने काढलेला हा पहिला अल्बम मानला जातो. त्याआधी १९६७ मध्ये 'द फॅमिली वे' या चित्रपटासाठी पॉल मॅकार्टनी यांनी रचलेले संगीत बाजारात आले होते. परंतु ती ध्वनिमुद्रिका जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदाच्या नावावर होती. बीटल्सनी स्थापन केलेल्या 'ॲपल' या ध्वनिमुद्रिका कंपनीची पहिली दीर्घमुद्रिकाही हीच होय.

'वंडरवॉल' हा शब्द आजच्या तरुण वाचकांना ओळखीचा वाटतो तो 'ओएसिस' या बँडच्या १९९५ मधील गाण्यामुळे. त्या गाण्याचे नाव हॅरिसन यांच्या याच अल्बमवरून घेतलेले आहे.

पार्श्वभूमी

हॅरिसन यांनी १९६५ च्या 'रबर सोल' या अल्बममधील एका गाण्यात प्रथम सतार वाजवली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, ते पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले आणि ताजमहाल हॉटेलात उतरले. त्या मुक्कामात रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांचेही मार्गदर्शन त्यांना मिळाले. या ओळखी पुढे सव्वा वर्षाने, 'वंडरवॉल'च्या वेळी, उपयोगी पडल्या.

मॅसो यांच्या चित्रपटात एक एकाकी शास्त्रज्ञ आपल्या घराच्या भिंतीला पडलेल्या छिद्रातून शेजारच्या तरुणीचे रंगीबेरंगी आयुष्य पाहत राहतो. जॅक मॅगवरन आणि जेन बर्किन यांनी या भूमिका केल्या आहेत. चित्रपटात संवाद अगदी थोडे असल्यामुळे कथा पुढे नेण्याचे बरेच काम संगीताकडे आले. हॅरिसन यांना चित्रपटसंगीताचा अनुभव नव्हता. तरी आपण जे करू ते जसेच्या तसे वापरले जाईल, असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी काम स्वीकारले. साधे चावीचे स्टॉपवॉच हातात घेऊन चित्रपट पाहायचा, प्रत्येक प्रसंगाची लांबी मिनिट-सेकंदांत टिपायची आणि तेवढ्याच लांबीचा संगीताचा तुकडा तयार करायचा, ही त्यांची पद्धत होती. पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय वाद्यांची ओळख करून देणारा एक लहानसा नमुनासंग्रह तयार करण्याची संधीही त्यांनी या कामात पाहिली.

लंडनमधील ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरू झाले. तेथे लिव्हरपूलच्या 'रेमो फोर' या बँडने साथ दिली. रविशंकरांकडे भारतीय संगीत शिकलेले पियानोवादक जॉन बारहॅम यांनी हॅरिसन यांनी सुचवलेल्या सुरावटी पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतल्या. एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार यांचाही या सत्रांत सहभाग होता.

मुंबईतील ध्वनिमुद्रण

७ जानेवारी १९६८ रोजी हॅरिसन मुंबईकडे निघाले आणि दोन दिवसांनी फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या स्टुडिओत काम सुरू झाले. लंडनमधील ॲबी रोडच्या तुलनेत हा स्टुडिओ साधा होता. खोलीचे ध्वनिरोधन पुरेसे नव्हते. खालच्या रस्त्यावरील रहदारीचा आवाज आत येई आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटण्याच्या वेळी काम थांबवावे लागे. शिवाय तेथील ध्वनिमुद्रण यंत्र मोनो म्हणजे एकाच मार्गिकेचे होते. एका मार्गिकेवर सर्व वाद्ये एकत्र नोंदली गेली की नंतर एखाद्या वाद्याचा आवाज कमी-जास्त करता येत नाही किंवा ते डाव्या-उजव्या बाजूला हलवता येत नाही.

ही अडचण 'ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया'चे भास्कर मेनन यांनी सोडवली. त्यांनी कंपनीचे दोन मार्गिकांचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईस आणले. हे मेनन पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतील 'कॅपिटॉल' या कंपनीचे प्रमुख झाले. 'पिंक फ्लॉइड'चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम १९७३ मध्ये अमेरिकेत घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांना दिले जाते. रॉक संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते सहसा त्या यशामुळे. कलकत्ता-मुंबई रेल्वेप्रवासाचा उल्लेख क्वचितच होतो.

दोन मार्गिका म्हणजेही फार सोय नव्हे. वादकांनी एकत्र बसायचे, नेमक्या सेकंदांत बसणारा तुकडा एका दमात वाजवायचा आणि चुकल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करायची, असेच काम करावे लागले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवणाऱ्या वादकांना ही शिस्त अंगवळणी पडलेली होती. रागविस्तारासाठी तास-दीड तास घेणारा कलाकार येथे एक-दोन मिनिटांत रागाची ओळख पटवून थांबतो, हे ऐकताना जाणवते.

चित्रपटाचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात हॅरिसन यांनी काही जादा रचना मुद्रित केल्या. त्यांपैकी एकीवर लंडनला परतल्यावर शब्द आणि गायन चढवण्यात आले. 'दि इनर लाइट' हे ते गाणे १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'च्या दुसऱ्या बाजूला प्रकाशित झाले. बीटल्सच्या एकल तबकडीवर स्थान मिळालेली हॅरिसन यांची ही पहिली रचना. तिचे सर्व वादन भारतीय वादकांचे असून ते मुंबईत मुद्रित झालेले आहे.

वादक आणि त्यांची नावे

अल्बमच्या वेष्टनावर भारतीय वादकांची नावे छापली होती. त्या काळच्या हिंदी वा मराठी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर साथीदारांची नावे सहसा नसत. त्या मानाने ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या यादीत आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (तबला व पखावज), शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य (सतार), चंद्रशेखर नारिंग्रेकर (सूरबहार), शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तारशहनाई), रिजराम देसाद (हार्मोनियम व तबलातरंग) आणि शरद व हनुमान हे दोन सनईवादक येतात.

परंतु ही नावे इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेली होती. सनईवादक हनुमान यांचे आडनाव रोमन लिपीत 'जादेव' असे वाचावे लागेल अशा रूपात छापले गेले आणि पुढील बहुतेक लिखाणात तेच रूप चालत राहिले. ते मूळ 'जाधव' असावे, हे ओळखायला मराठी वाचकाला वेळ लागत नाही. शरद यांच्याबाबतीत गोंधळ अधिक आहे. 'वंडरवॉल म्युझिक'विषयीच्या लिखाणात ते काही ठिकाणी 'कुमार' होतात, तर 'दि इनर लाइट'च्या नोंदीत 'घोष'. पखावजाच्या नावातील महाप्राण 'ख' तर एका रचनेच्या शीर्षकातूनच गळला आणि तो कायमचा.

वादकांची यादी एकत्रित दिलेली असल्याने कोणत्या तुकड्यात कोण वाजवतो, हे वाद्य ओळखूनच ठरवावे लागते. संतूर वा तारशहनाईचा वादक यादीत एकच असल्याने तेथे शंका राहत नाही. सतारीबाबत मात्र राहते. सर्व रचनांचे संगीतकार म्हणून केवळ हॅरिसन यांचे नाव आहे. पाश्चात्त्य तुकड्यांबाबत ते योग्यच आहे. भारतीय तुकड्यांत मात्र प्रसंग, वाद्ये आणि लांबी हॅरिसन यांनी ठरवली असली, तरी राग परंपरेचा आहे आणि त्यातील प्रत्यक्ष स्वरयोजना बरीचशी वादकाची. 'गत किरवाणी'सारख्या रचनेचा कर्ता कोण, या प्रश्नाला पाश्चात्त्य स्वामित्वहक्काच्या चौकटीत समाधानकारक उत्तर मिळत नाही.

संगीताचे स्वरूप

मूळ अल्बममध्ये १९ तुकडे असून भारतीय आणि पाश्चात्त्य तुकडे आलटून-पालटून येतात. आरंभीचा 'मायक्रोब्स' हा तुकडा सनईचा आहे. महाराष्ट्रात सनई म्हटली की लग्नमंडप आणि देवळाचा नगारखाना आठवतो. येथे मात्र दोन सनया एकाकी शास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखालील जीवजंतूंसाठी वाजतात आणि त्यांचा स्वर उदास आहे. मंगलवाद्याचा असा उपयोग मराठी श्रोत्याला प्रथम खटकतो, मग पटतो.

'इन द पार्क'मध्ये संतूर, सूरबहार आणि तबलातरंग एकत्र येतात. सूरबहार हे सतारीच्या कुळातील खर्जाचे वाद्य. तबलातरंगात वेगवेगळ्या स्वरांना लावलेले अनेक तबले अर्धवर्तुळात मांडून त्यांवर सुरावट वाजवतात. 'क्राइंग'मधील तारशहनाईला नावात शहनाई असली तरी फुंकर लागत नाही. हे इसराजासारखे गजाने वाजवायचे तंतुवाद्य असून त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे स्वर सनईजवळ जातो. तुकड्याला शीर्षकाप्रमाणे रडण्याचा भास आहे. 'लव्ह सीन'मध्ये एकाच सरोदवादकाचे वादन दोनदा नोंदवून स्वतःशीच जुगलबंदी घडवली आहे. 'सिंगिंग ओम' हा शेवटचा तुकडा हार्मोनियमच्या साथीने होणाऱ्या ओंकारपठणाचा आहे.

पाश्चात्त्य बाजूला 'स्कीइंग'मध्ये क्लॅप्टन यांची गिटार आहे. 'काउबॉय म्युझिक' नावाप्रमाणेच अमेरिकी ग्रामीण वळणाचा. दोन्ही जगे एकत्र येतात ती 'ड्रीम सीन' या सर्वांत दीर्घ तुकड्यात. त्यात उलट फिरवलेल्या ध्वनिफिती, गायनाचे स्वर आणि भारतीय वाद्ये एकमेकांत मिसळली आहेत. बाकीच्या अल्बममध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य तुकडे शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरी जात नाहीत. काही समीक्षकांना यात विस्कळीतपणा दिसला. चित्रपटातील भिंत लक्षात घेता तो सर्वस्वी दोष म्हणता येत नाही.

प्रकाशन

चित्रपट १७ मे १९६८ रोजी कान महोत्सवात दाखवला गेला, परंतु त्याला पुरेसा वितरक मिळाला नाही. अल्बम ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९६८ रोजी आणि अमेरिकेत २ डिसेंबरला आला. या दोन तारखांच्या मध्येच बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' प्रकाशित झाल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. ब्रिटनच्या विक्रीयादीत तो आला नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मुखपृष्ठ बॉब गिल यांचे आहे. काळ्या पोशाखातील एक गृहस्थ विटांच्या उंच भिंतीसमोर उभा असून पलीकडे भारतीय स्त्रिया स्नान करीत आहेत. भिंतीतील एक वीट काढून टाकावी, म्हणजे त्या माणसाला काही आशा राहील, ही सूचना हॅरिसन यांची.

पुनर्प्रकाशने

दीर्घमुद्रिका अनुपलब्ध झाल्यानंतर कित्येक वर्षे हा अल्बम संग्राहकांपुरता उरला होता. जून १९९२ मध्ये ॲपलने तो कॉम्पॅक्ट डिस्कवर आणला आणि नव्या पिढीला तो प्रथम सहज ऐकता आला.

यानंतरची भर अनपेक्षित होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅसो यांनी चित्रपटाची नवी आवृत्ती तयार करायला घेतली आणि मूळ संगीतासाठी हॅरिसन यांच्याकडे विचारणा केली. हॅरिसन यांनी पाठवलेल्या फितींत 'रेमो फोर'चे 'इन द फर्स्ट प्लेस' हे विस्मरणात गेलेले गाणे सापडले. चित्रपटासाठी केवळ वाद्यसंगीत हवे, अशा समजुतीने ते तेव्हा दिलेच गेले नव्हते. १९९९ मध्ये ते बँडच्या नावाने प्रकाशित झाले. त्याची निर्मिती हॅरिसन यांची असूनही स्वतःचे नाव पुढे करण्यास त्यांनी नकार दिला. रेमो फोरला हे श्रेय तीस वर्षांनी मिळाले.

हॅरिसन यांचे २००१ मध्ये निधन झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये 'दि ॲपल इयर्स १९६८–७५' या संचात अल्बमची ध्वनिशुद्ध आवृत्ती समाविष्ट झाली. हे काम त्यांचे पुत्र धनी यांच्या देखरेखीखाली झाले. धैवत आणि निषाद या स्वरांच्या 'ध' आणि 'नी' वरून त्यांचे नाव ठेवलेले आहे. मूळ फितींवरून पुन्हा काढलेल्या या आवृत्तीत मुंबईच्या तुकड्यांना विशेष लाभ झाला. संतूरचा झणत्कार आणि तबल्याच्या शाईवरील बोल अधिक सुटे ऐकू येतात.

या आवृत्तीत तीन रचना वाढवल्या आहेत: 'इन द फर्स्ट प्लेस', नावातच शंकरा रागाची आठवण असलेली 'ऑलमोस्ट शंकरा' आणि 'दि इनर लाइट'चे निराळे, केवळ वाद्यांचे मुद्रण. २०१७ मध्ये हॅरिसन यांच्या सर्व दीर्घमुद्रिकांच्या संचात हा अल्बम पुन्हा तबकडीवर आला, तर २०२४ मध्ये त्याची सचित्र तबकडी निघाली. 'दि इनर लाइट'चे ते वाढीव मुद्रण मात्र २०१४ च्या आवृत्तीतच ऐकावे. वादन सुरू होण्यापूर्वी स्टुडिओतले बोलणे त्यात राहू दिले आहे आणि हॅरिसन मुंबईच्या वादकांना सूचना देताना ऐकू येतात.