सोवळ्यातील लोकगीत

विलायतेत उन्हाळा लागला की गावोगावच्या कुरणांतून तंबू उभे राहू लागतात आणि संगीताच्या जत्रा भरतात. आपल्या यात्रेत देव मध्यभागी असतो व गाणेबजावणे त्याच्या भोवती. तेथे गाणेच मध्यभागी. बाकी गर्दी, पाऊस आला तर चिखल आणि दुप्पट दराने विकले जाणारे खाद्यपदार्थ, ही सामग्री दोन्हीकडे सारखीच.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. तो सहकुटुंब सुटीवर आला असता एका रात्री जेवणानंतर त्याच्यात व सूनबाईंत जो वाद जुंपला, तो आम्ही झोपाळ्यावर बसून ऐकला. वाद घरखर्चाचा नव्हता, माहेर-सासरचाही नव्हता. ‘मंफर्ड अँड सन्स’ नामक मंडळींस लोकगीतांच्या उत्सवात मुख्य मान द्यावा की नाही, हा त्याचा विषय होता! पुतण्याचे म्हणणे, या मंडळींमुळे हजारो तरुणांस बँजो व अॅकॉर्डियन यांची गोडी लागली. सूनबाईंचे म्हणणे, वाद्यांची लागली, गाण्यांची कोठे लागली? हा वाद त्या दोघांपुरता नाही. तेथील रसिकांत तो गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि शोध घेता त्याची मुळे शंभर वर्षांपलीकडे गेलेली आम्हांस आढळली. सूनबाईंच्या प्रश्नात तथ्य आहे, असे आमचे मत झाले. परंतु ज्या जागी त्या ते पाहतात त्या जागी नव्हे.

प्रथम या मंडळींचा परिचय. २००७ साली लंडनात चार समवयस्क तरुण एकत्र आले. नावात ‘सन्स’ असले तरी हे बापलेक नव्हेत. जुन्या घरगुती पेढीच्या पाटीसारखे वाटावे म्हणून घेतलेले ते नाव. २००९ मध्ये ‘साय नो मोअर’ हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. शीर्षक शेक्सपिअरच्या नाटकातून उचललेले. २०१२ च्या ‘बेबेल’ या दुसऱ्या अल्बमास पुढील वर्षी अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांत वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला, आणि त्याच २०१३ सालच्या ३० जून रोजी ग्लास्टनबरीच्या प्रचंड उत्सवाची अखेरची रात्र त्यांच्या वाट्यास आली. आदल्या रात्रीचे मानकरी रोलिंग स्टोन्स होते, यावरून या मानाचे वजन वाचकांच्या ध्यानी येईल.

यांच्या विरुद्ध उभा असलेला पक्ष सोवळा आहे. त्याचे आक्षेप तीन. एक, ही गीते परंपरेने आलेली नसून यांनी स्वतः रचलेली आहेत. दोन, मूळ मंडळींपैकी मार्कस मंफर्ड व बेन लव्हेट हे विंबल्डन येथील खर्चिक खाजगी शाळेत शिकलेले; त्यांनी मजुरांच्या धर्तीचे जाकिटे-सदरे घालून शेतकऱ्यांचा आव आणावा, हे सोंग होय. तीन, सर्व गीते एकाच साच्याची: आरंभी मंद स्वर, मग हळूहळू चढ, आणि शेवटी पायाने वाजविलेल्या ढोलाच्या ठोक्यावर सर्वांचा एकच गजर. तिसरा आक्षेप आम्ही स्वतः पडताळून पाहिला. पहिली दोन गीते आवडली. पाचव्या गीतास, आता चढ कोठे येणार, हे आम्हांस आधीच सांगता येऊ लागले. तेव्हा हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. पण साचा हा रसहानीचा दोष आहे, जातिभ्रष्टतेचा नव्हे. जुन्या लोकगीतांतही साचे थोडे नाहीत.

ज्या बँजोवरून एवढा गदारोळ, त्याविषयी येथेच एक खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ज्यास बेंजो म्हणतात ते हे वाद्य नव्हे. ते बुलबुलतरंगाचे रूप, आणि बुलबुलतरंगाचे मूळ जपानातील टायशोगोटो. टंकलेखन-यंत्राप्रमाणे कळा दाबून ते वाजवितात. विलायती बँजो म्हणजे वर्तुळाकार चौकटीवर चामडे ताणून तीस लांब दांडी लावलेले तंतुवाद्य. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी ते कॅरिबियन बेटांत व अमेरिकेत घडविले, आणि इंग्लंडात ते एकोणिसाव्या शतकात पोहोचले. म्हणजे इंग्रजी लोकगीताचे सोवळे ज्याने राखावे अशी अपेक्षा, ते वाद्यच मुळी परदेशचे पाहुणे!

आता मुळांकडे वळू. १९०३ साली सेसिल शार्प नावाचे संगीतशिक्षक सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज गावी एका धर्मोपदेशक स्नेह्याकडे उतरले होते. बागेत माळी गवत कापता कापता एक जुने प्रेमगीत गुणगुणत होता. योगायोग असा की, त्या माळ्याचे नावच जॉन इंग्लंड. शार्प यांनी ते गीत टिपून घेतले, आणि तेथून पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडून, १९१६ ते १९१८ या काळात तर अमेरिकेच्या अॅपलाशियन डोंगरांतही फिरून, सुमारे पाच हजार चाली गोळा केल्या. लंडनात त्यांच्या नावाची वास्तू १९३० पासून उभी आहे. परंतु या कथेतील एक बारीक गोष्ट आम्हांस विशेष बोधक वाटते. माळ्याच्या तोंडचे ते गीत शार्प यांनी त्याच दिवशी पियानोच्या साथीत बसविले, आणि त्याच सायंकाळी एका शिकलेल्या गायिकेने ते मंडळींपुढे गाऊन दाखविले. म्हणजे ज्या दिवशी लोकगीत सापडले, त्याच दिवशी त्यास सभ्य पोशाख चढविला गेला. केंब्रिजच्या पदवीधराने माळ्याचे गीत उचलले, ते संशोधन; विंबल्डनच्या विद्यार्थ्याने उचलले, तर ते सोंग! हा न्याय आम्हांस कळत नाही.

सोवळेपणाचा कळस झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युअन मॅककॉल हे नाटककार व गायक लंडनात सिंगर्स क्लब चालवीत. तेथे नियम असा की, गायकाने आपल्या देशाची व आपल्या बोलीचीच गीते म्हणावी. लंडनच्या पोराने अमेरिकन कापूस-मजुराचे गीत म्हणावयाचे नाही. नियमात तत्त्व होतेच. इंग्लंडातील तरुण तोवर सर्व काही अमेरिकन हेल काढून गाऊ लागले होते. पण खुद्द मॅककॉल जन्मले इंग्लंडातील सॅलफर्डला, स्कॉटिश आईबापांपोटी. मूळ नाव जिमी मिलर. अमेरिकन गायिका पेगी सीगर यांच्यासाठी त्यांनी एक प्रेमगीत रचले होते. ते १९७२ साली रॉबर्टा फ्लॅक यांच्या गळ्यातून अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत अगदी शिरोभागी जाऊन बसले. दाराशी पहारा ठेवणाऱ्याचेच मूल खिडकीतून बाजारात गेले!

पेगीचे सावत्र बंधू पीट सीगर हे ज्या प्रसंगामुळे या वादात नेहमी आठविले जातात, तो न्यूपोर्टचा. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात १९५९ पासून तेथे लोकगीतांचा उत्सव भरतो. २५ जुलै १९६५ रोजी बॉब डिलन हे, ज्यांस लोक साध्या गिटारीवर ऐकत आले होते ते, विजेच्या गिटारी व तालवाद्ये घेऊन उभे राहिले. तीन गीते झाली, आरडाओरडा झाला, ते आत गेले. मग पुन्हा येऊन साध्या गिटारीवर दोन गीते म्हणून त्यांनी निरोप घेतला. ओरडणारे नेमके कशासाठी ओरडले, यावर आजही एकमत नाही. काही म्हणतात, विजेच्या वाद्यांसाठी; काही म्हणतात, कार्यक्रम आखूड झाला म्हणून. सीगर यांनी कुऱ्हाड घेऊन तारा तोडण्याची भाषा केली, अशी दंतकथा आहे. त्यांनी स्वतः मागाहून जे सांगितले त्याचा आशय असा की, राग वाद्यांचा नव्हता. त्या कल्लोळात शब्द ऐकू येत नव्हते, म्हणून तळमळ झाली. या सबंध वादात आम्हांस पूर्णपणे पटलेली तक्रार ही एकच. ज्याने जन्मभर वर्गात कविता शिकविल्या, त्यास दुसरी कोणती पटणार? पुढे १३ फेब्रुवारी २०११ रोजी ग्रॅमी समारंभात मंफर्ड मंडळी याच डिलन यांच्या समवेत उभी राहिली, आणि तेव्हा जे गीत म्हटले गेले ते ‘मॅगीज फार्म’. न्यूपोर्टला त्या संध्याकाळी ज्याने आरंभ झाला, तेच.

दरम्यान इंग्लंडात दुसरी वाट पडली होती. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडने १९६९ मध्ये शार्प यांच्या काळच्या जुन्या गाथा विजेच्या गिटारींवर चढविल्या. त्यातूनच फुटून निघालेल्यांनी स्टीलाय स्पॅन हा संच काढला. या संचाने १९७३ मध्ये एक लॅटिन नाताळगीत, जे १५८२ सालच्या संग्रहात छापलेले आहे, कोणत्याही वाद्याची साथ न घेता गाऊन लोकप्रिय गीतांच्या यादीत चौदाव्या स्थानी नेले. संस्कृताच्या अभ्यासकास याचा किती आनंद व्हावा! एखादे स्तोत्र नुसत्या कंठाने गावे आणि ते चित्रपटगीतांच्या रांगेत जाऊन बसावे, तसा हा प्रकार. १९७५ मध्ये त्यांचे आणखी एक पारंपरिक गीत पाचव्या स्थानापर्यंत चढले. सोवळ्यांनी तेव्हाही नाके मुरडलीच.

येथे वादाचा गाभा आमच्या हाती लागला असे आम्हांस वाटते. स्टीलाय स्पॅन यांनी गीत जुने ठेविले व वाद्य नवे घेतले. मंफर्ड यांनी वाद्य जुन्या घाटाचे घेतले व गीत नवे केले. सोवळा पक्ष दोघांसही एकच शिवी देतो, पण हे दोन अगदी निराळे व्यवहार आहेत. पहिल्यात पूर्वजांचे शब्द पुढील पिढीच्या तोंडी जातात. दुसऱ्यात पूर्वजांची केवळ ऐट जाते. सूनबाईंच्या प्रश्नातील तथ्य ते हे. म्हणून आमच्या मते अधिक ऋण स्टीलाय स्पॅनचे मानले पाहिजे, त्यांच्या गिटारी कितीही खणखणत असोत. मंफर्ड यांनी २०१५ साली ‘वाइल्डर माइंड’ या अल्बमात बँजो बाजूस ठेवून विजेच्या गिटारी घेतल्या, तेव्हा खुद्द त्यांच्या चाहत्यांतून कुरकुर उठली, ती यामुळेच. ज्यांचे प्रेम वाद्यावर बसले होते, त्यांचे वाद्यच गेले.

परंतु एवढ्यावरून त्यांस उत्सवाबाहेर काढावे काय? आपल्या शास्त्रकारांनी संगीताचे मार्ग व देशी असे भेद केले. मतंगाने बृहद्देशीत, आणि पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात, देशीचे लक्षण सांगितले आहे. त्याचा भाव असा की, निरनिराळ्या प्रदेशांतील लोक आपापल्या आवडीने जे गातात ते देशी. मतंग गाणाऱ्यांत स्त्रिया, बालके व गुराखी यांच्याच पंक्तीस राजांनाही बसवितो, हे ध्यानात घ्यावे. देशीसाठी दारिद्र्याचा दाखला त्याने मागितलेला नाही. या कसोटीवर विंबल्डनच्या शाळेचा आक्षेप टिकत नाही. इतकेच नव्हे, तर २०१० मध्ये याच मंडळींनी गायिका लॉरा मार्लिंग व राजस्थानी लोकवादकांचा ‘धरोहर प्रोजेक्ट’ यांच्यासह दिल्लीत केलेले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्यात दोन्हीकडची गीते एकमेकांत गुंफलेली आहेत. ते ऐकताना कोण पाहुणा व कोण यजमान, हे आम्हांस क्षणभर कळले नाही.

ग्लास्टनबरीची ती २०१३ सालची रात्र या दृष्टीने पाहावी. ही जत्राही सॉमरसेट परगण्यातलीच, जेथे तो माळी गात होता. मायकेल ईव्हिस या दूधवाल्या शेतकऱ्याने १९७० साली आपल्या शेतावर ती सुरू केली. प्रवेश एक पौंड, आणि शेतावरचे दूध फुकट. मंफर्ड मंडळींनी त्या रात्री समारोपास इतर गायकांस रंगमंचावर बोलावून जे गीत घेतले, ते ना स्वतःचे ना शार्प यांच्या संग्रहातले. ते होते बीटल्सचे, १९६७ सालचे. ज्याचे कर्ते सर्वांस ठाऊक आहेत असे ते गीत. तरी त्या रात्री ते सर्वांचेच झाले होते. मंफर्ड यांचे एखादे गीत आणखी पन्नास वर्षांनी, कर्त्याचे नाव विसरून, कोणी गवत कापता कापता म्हणेल काय? म्हटले तर ते लोकगीत. त्याचा निवाडा करण्यास आम्ही असणार नाही, आणि आज भांडणारेही फारसे असणार नाहीत.

मात्र एक गोष्ट तोवर थांबणार नाही, ती पैशाची. केंब्रिजचा लोकगीत-उत्सव १९६५ साली सुरू झाला. त्याची उभारणी केन वुलर्ड या आगीच्या बंबावरील नोकराने केली, आणि पहिल्याच वर्षी तेथे तरुण पॉल सायमन गाऊन गेले. २०२५ साली, म्हणजे आरंभापासून साठाव्या वर्षी, वाढत्या खर्चापायी तेथील नगरपालिकेस तो उत्सव भरविता आला नाही. लहान तंबूत चाळीस श्रोत्यांपुढे जुनी गाथा म्हणणाऱ्यास जो बिदागी मिळवून देतो, तो मोठ्या तंबूतील मोठा बँड होय. त्यास हाकलले तर सोवळे शिल्लक राहील, तंबू राहणार नाही. उलट मोठ्या बँडापायी लहान तंबू कुंपणाकडे, प्रसाधनगृहांच्या वाटेवर ढकलला जातो, आणि तेथे मुख्य रंगमंचाचा धडाका ऐकू येत राहतो, ही तक्रार खरी असून तिच्यासाठी मात्र अवश्य भांडावे. सोवळ्या पक्षाने आपला सगळा त्वेष जाकिटांवर खर्च केला व या कामास काही उरविला नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या हाती व्यवस्था असती तर अखेरची रात्र आम्ही मंफर्ड मंडळींसच दिली असती. मात्र त्यांच्या आधीचा अर्धा तास, दिवेलागणीच्या सुमारास, त्याच मोठ्या रंगमंचावर, एखाद्या वृद्ध गायकास किंवा गायिकेस साथीवाचून गाण्यासाठी राखून ठेविला असता. आणि तेवढा अर्धा तास आवारातील मद्याची दुकाने बंद ठेवविली असती.