पाण्यातली बाग का कोमेजते?

गतवर्षी दसऱ्याला नातवाच्या हट्टापायी आमच्या बैठकीत काचेची मत्स्यपेटी आली. तीन फूट लांब, सुमारे दीडशे लिटर पाण्याची. प्लॅस्टिकची झाडे नकोत, खरीच हवीत, हा आग्रह मात्र माझा. ॲमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन, जावा फर्न आणि ॲनुबियास अशा पाच जातींची रोपे आम्ही वाळू-खडीत लावली. चार दिवस घरातले सारे त्या हिरव्या कोपऱ्यासमोर बसून जेवत होते. तिसऱ्या आठवड्यात स्वोर्डची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळू लागली, आणि त्यानंतर आम्ही जे जे केले ते बहुतेक चुकीचेच ठरले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना या चुका टाळता याव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला सल्ला मिळाला तो प्रकाश वाढवण्याचा. पेटीवरचा दिवा सकाळी सहाला लागे तो रात्री आठपर्यंत. पाने सुधारली नाहीत. शेवाळाने मात्र काच व्यापली. मग तासगावकडे द्राक्षबाग असलेला भाचा आला. पिवळी पाने पाहताच त्याने निदान केले, "मामी, अन्न कमी पडतंय." त्याच्या मोटारीत १९:१९:१९ची पिशवी होती. बागेत जे खत ठिबकने देतात त्यातलेच चिमूटभर पाण्यात पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे नातवाने मला हलवून उठवले. "आजी, मासे वर येऊन तोंड उघडतायत."

त्या खतातील नत्राचा काही भाग अमोनियाच्या आणि युरियाच्या रूपात असतो. द्राक्षवेलीला ते मानवते. माशांना अमोनिया विष आहे. शिवाय रात्री अंधारात वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट श्वसनासाठी वापरतात. तळाशी कुजणारी पानेही तोच प्राणवायू ओढून घेतात. म्हणून असे संकट बहुधा पहाटे उघडकीस येते. आम्ही हवेचा पंप लावला, तृतीयांश पाणी बदलले, कुजकी पाने वेचून काढली. तरी दोन मासे वाचले नाहीत. नातवाने त्या दिवशी जेवण केले नाही. "उरलेले मासे कोणाला तरी देऊन टाकू या," असे तो म्हणाला, आणि मला उत्तर सुचले नाही.

या धसक्याने आम्ही तिसरी चूक केली, आणि ती सर्वांत सद्भावनेची होती. यापुढे पेटीत फक्त 'शुद्ध' पाणी घालायचे, असे ठरवून स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी दर आठवड्याला ओतू लागलो. मासे शांत दिसत होते. झाडे मात्र महिन्या-दीड महिन्यात अधिकच केविलवाणी झाली.

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. एके संध्याकाळी ते भिंग घेऊन पेटीसमोर बसले. मी औषधाचे नाव विचारले. ते म्हणाले, "वहिनी, औषध नंतर. आधी हे सांगा, आजारी पान कोणते? जुने की नवे?"

त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला फार उपयोगी वाटले. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती आपल्या शरीरात हलवू शकते. तुटवडा पडला की ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला पुरवते. त्यामुळे लक्षण खालच्या, जुन्या पानांवर दिसते. सबंध जुने पान पिवळे पडले तर नत्राचा संशय घ्यावा. जुन्या पानाला सुईने टोचल्यासारखी छिद्रे पडून त्यांच्या कडा पिवळ्या झाल्या तर पालाशचा. शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका झाला, आणि तेही जुन्या पानात, तर मॅग्नेशियमचा. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानावर उमटते. लोह कमी असेल तर नवे पान जन्मतःच फिकट. कॅल्शियम कमी असेल तर ते आखूड, वेडेवाकडे, मुरडलेले निघते.

आमच्या स्वोर्डची नवी पाने मुरडलेली होती आणि जुनी पाने शिरांच्या मध्ये पिवळी. म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाण्याला 'जड' करणारी द्रव्ये तीच, आणि आरओ यंत्र तीच गाळून टाकते. आपल्या दृष्टीने शुद्ध असलेले पाणी त्या झाडांना उपाशी ठेवत होते! ज्यांच्या इमारतीत पाणी मृदू करणारे संयंत्र आहे त्यांनीही जपावे. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडते, आणि सोडियमवर झाड पोसत नाही. व्हॅलिस्नेरियाला तर जड पाणीच प्रिय, कारण ती पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवू शकते. दुकानात 'द्रवरूप कार्बन' म्हणून मिळणाऱ्या औषधाने तीच व्हॅलिस्नेरिया पुष्कळदा विरघळून जाते, हेही सांगून ठेवते. आमच्याकडे ती बाटली विकत आणलेली होती. सुदैवाने उघडली नव्हती.

तथापि प्रत्येक पिवळे पान म्हणजे उपासमार नव्हे. रोपवाटिकेत ही रोपे बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्याखाली येताच हवेतली जुनी पाने टिकत नाहीत. पहिल्या महिन्यात ती गळतात आणि पाण्याला साजेशी नवी, पातळ पाने येतात. आमच्या स्वोर्डची पारदर्शक पाने ही त्याचीच खूण होती. आम्ही थांबलो असतो तर पुढचे रामायण घडले नसते. क्रिप्टोकोरिन तर याहून मानी. जागा बदलली, पाणी बदलले की तिची सारी पाने आठवड्यात चिखलासारखी विरघळतात. या कुळातील काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत निसर्गतः वाढतात, आणि पाण्याच्या चढउतारात पाने टाकून मुळांवर तग धरणे हा त्यांचा स्वभाव आहे. विरघळलेली पाने काढावीत, पण मूळ उपटू नये. मी एक उपटून फेकले होते, याची हळहळ अजून वाटते.

जावा फर्न आणि ॲनुबियास यांचा आजार निराळाच निघाला. या दोहोंना आल्यासारखे आडवे खोड असते, त्याला मूलक्षोड म्हणतात. ते वाळूत पुरले की कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून उघडे ठेवायचे. मुळे आपोआप धरून घेतात. प्राध्यापकांनी ते बोटाने दाबून दाखवले. घट्ट भाग जिवंत, मऊ भाग मेलेला. मऊ भाग कापून उरलेला तुकडा आम्ही एका धोंड्याला बांधला. जावा फर्नच्या पानामागचे काळे ठिपके पाहून मी ते पानही कापायला निघाले होते. ते रोगाचे नव्हतेच. तिथे बीजाणू तयार होतात.

शेवाळाचा प्रश्न दिव्याच्या वेळेने बराचसा सुटला. आता दिवा रोज सात तास लागतो, आणि तोही टायमरवर, कारण माणूस विसरतो. नव्या पेटीतला तपकिरी थर पुसून निघतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो; त्याची धास्ती नको. ॲनुबियासच्या पानांच्या कडेला आलेले काळे झुपके मात्र चिवट असतात. ती पाने कापणेच बरे.

राहिल्या गोगलगायी. त्या रोपांबरोबर आल्या आणि वाढल्या. झाडे त्याच खातात, असा घरात समज होता. दुकानदाराने तांबेयुक्त औषध सुचवले. ते टाकायला आमच्या घरात कोणीच तयार झाले नाही, आणि ते योग्यच झाले. या लहान गोगलगायी मुख्यतः कुजलेली पाने आणि शेवाळ खातात. त्यांची संख्या वाढली याचा अर्थ आपण माशांना गरजेपेक्षा जास्त खाद्य घालतो. येथे एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली. काही काळाने जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या, आणि पाणी निवळले. हा प्रयोग त्याने १८५० मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या नातवाला ही गोष्ट इतकी आवडली की खाद्याची चिमूट त्याने स्वतःहून अर्धी केली.

पाण्यात बदल मात्र एकदम केला नाही. आधी आरओ आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे, मग हळूहळू सारे नळाचे. क्लोरीन उडून जावे म्हणून ते बादलीत दिवसभर उघडे ठेवतो. ज्या शहरांत क्लोरामाइन वापरतात तिथे एवढ्याने भागत नाही, क्लोरीननाशक द्रव घालावा लागतो. दर रविवारी चतुर्थांश पाणी बदलायचे. स्वोर्ड मुळांवाटे भरपूर खाते, म्हणून तिच्या मुळाशी खताची गोळी. एका वेळी एकच बदल, आणि पुढचे दोन आठवडे फक्त पाहायचे, अशी प्राध्यापकांची अट होती. मला ती सर्वांत जड गेली.

पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होईल म्हणून वाट पाहू नये. ते बहुधा होत नाही. पाहायचे ते नवे पान. नातवाने यासाठी वही घातली आहे. तिच्यात दर रविवारी एक ओळ असते. सहाव्या रविवारची अशी, "क्रिप्टोकोरिनच्या जागी तपकिरी टोक दिसले. आजी म्हणते कचरा आहे. मला पान वाटते." ते पानच होते. व्हॅलिस्नेरियाला बाजूने फुटवे आले असून ॲनुबियास मात्र आहे तितकीच आहे. मासे देऊन टाकण्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.