मुलांना रस्ता शिकविताना : सुरक्षा-शिक्षणातील भाषेचा विचार

पुणे महानगरपालिकेने औंध येथे मुलांसाठी वाहतूक उद्यान उभारले आहे. लहान आकाराचे रस्ते, सिग्नलचे दिवे, खुणांच्या पाट्या व पादचारी पट्टे यांच्या साहाय्याने शाळेतील मुलांना रस्त्यावरील वर्तनाचे पाठ तेथे प्रत्यक्ष चालवून देता येतात. अशा उद्यानांत किंवा शाळांच्या मैदानांवर मुलांना मार्गदर्शन करणारी मंडळी पुष्कळदा स्वयंसेवक असतात. त्यांचे काम वरवर पाहता सोपे वाटते. कारण नियम मोजके असतात आणि मुले उत्सुक असतात. तथापि नियम ठाऊक असणे आणि तो आठ वर्षांच्या मुलाच्या वागण्यात उतरविणे, यांत मोठे अंतर आहे. हे अंतर बव्हंशी भाषेचे आहे.

'जपून जा', 'सांभाळून जा', 'नीट जा' ही वाक्ये प्रत्येक मराठी घरात रोज उच्चारली जातात. त्यांत माया आहे. परंतु मुलाने नेमके काय करावयाचे, हे त्यांतून कळत नाही. 'जपून' हे क्रियाविशेषण अनेक कृतींचा समुच्चय सुचविते. प्रौढाला त्या कृती अनुभवाने ठाऊक असतात, मुलाला नसतात. म्हणून मार्गदर्शकाने या शब्दाची फोड करून द्यावी लागते : 'कडेला थांब. दोन्हीकडे पाहा. आवाज ऐक. गाडी थांबली का ते बघ. मग चाल.' यांतील प्रत्येक क्रियापदाचे पालन झाले की नाही, हे डोळ्यांनी पडताळता येते. 'जपून' या शब्दाचे तसे पडताळणे शक्य नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. रस्त्याविषयीची आपली बोली बहुतेक वाहन चालविणाऱ्याच्या जागेवरून बोलते. 'सिग्नल सुटला' म्हणजे वाहनांना हिरवा दिवा मिळाला आणि 'सिग्नल लागला' म्हणजे वाहनांना थांबावे लागले. वडिलांच्या दुचाकीवर बसून मूल हेच शब्द शिकते. तेच मूल पायी रस्ता ओलांडू लागते, तेव्हा अर्थ उलटतो. आता सिग्नल 'सुटला' की त्याने थांबावयाचे आणि 'लागला' की, वाहने खरोखर थांबल्याची खात्री करून, पुढे जावयाचे. कोणाचा सिग्नल, हे न सांगता मार्गदर्शकाने 'सिग्नल सुटला की जा' म्हटले, तर बोलीच्या सरावाने सांगितलेले वाक्य मुलाला संकटात लोटू शकेल. 'गाड्यांचा दिवा' आणि 'चालणाऱ्यांचा दिवा' असा भेद शब्दांतच करणे, हा यावरील साधा उपाय होय. पाटीवरील 'पादचारी' या शब्दाविषयीही हीच दक्षता हवी. हा संस्कृत शब्द आपल्यालाच उद्देशून आहे, हे मुलाला कोणीतरी सांगावे लागते.

डावे-उजवे यांचेही असेच आहे. मुलांकडे तोंड करून उभ्या असलेल्या मार्गदर्शकाचा उजवा हात मुलांच्या डाव्या बाजूस येतो. म्हणून हा पाठ देताना त्याने मुलांच्या शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या जवळचे वाहन उजवीकडून येते. 'आधी उजवीकडे' या सूत्रामागील हे कारण सांगितले की सूत्र पाठांतरापुरते राहत नाही. शिवाय एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावरही उलट दिशेने कोणी येऊ शकते. म्हणून तेथेही दोन्हीकडे पाहणे आवश्यक ठरते.

निषेधाची मराठी रूपे अनेक आहेत. 'पळू नकोस' हे समोरच्या मुलाला सांगणे झाले. 'पळू नये' हा सर्वांसाठी सांगितलेला नियम झाला. 'पळायचे नाही' यात वडीलधाऱ्यांचा धाक आहे, तर 'पळता कामा नये' यात निक्षून सांगण्याचा भाव आहे. ही सर्व रूपे काय टाळावयाचे ते सांगतात. काय करावयाचे ते सांगत नाहीत. चेंडूमागे निघालेल्या मुलाला त्या क्षणी 'थांब!' हा एकच शब्द उपयोगी पडतो. निषेधाचे कारण वर्गात समजवावे, परंतु रस्त्यावरील आज्ञा होकारार्थी व आखूड असावी.

मूल घरी परतल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, काही अपवाद वगळता, दुचाकीवरील चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. पण वडिलांना किंवा आजोबांना आज्ञा करणे मराठी घरातील मुलाला अवघड जाते. 'बाबा, हेल्मेट घाला' हे त्याला उद्धटपणाचे वाटू शकते. 'बाबा, आपली हेल्मेटं राहिली ना?' हे तो सहज म्हणू शकतो. असे वाक्य मुलाच्या तोंडी बसवून देणे, हाही मार्गदर्शनाचाच भाग आहे.

तथापि या शिक्षणाची मर्यादा ओळखली पाहिजे. स्वीडनमधील संशोधिका स्टिना सँडेल्स यांनी १९६०-७० च्या दशकात मुलांच्या वाहतुकीतील वर्तनाचा अभ्यास केला. लहान मुलांना केवळ शिकवून वाहतुकीशी पूर्णपणे जुळवून घेता येत नाही. वाहतुकीची रचनाच मुलांना सोसेल अशी असावयास हवी, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'फूटपाथवरून चालावे' हे वाक्य निर्दोष आहे. पण फूटपाथवर दुचाकी उभ्या असतील, तर ते पाळणे मुलाच्या हाती नसते. 'वाहने लावू नयेत' या पाटीत कर्ता नाही, आणि कर्ता नसला की जबाबदारीही कोणाची राहत नाही. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला आणि वर्दळीचा तो रस्ता दिवसभर चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे ते एका दिवसापुरते उत्तर होते.

म्हणून स्वयंसेवक मार्गदर्शकाचे श्रोते दोन प्रकारचे आहेत, असे म्हणावे लागते. मुलांशी बोलताना त्याने मुलाच्या जागेवरून, साध्या क्रियापदांत बोलावे. मोठ्यांशी बोलताना मात्र वाक्यातील लोपलेला कर्ता त्याने स्पष्टपणे उच्चारावा. तसे न केल्यास मोठ्यांच्या चुकीची जबाबदारी मुलांच्या सावधपणावर येऊन पडते, आणि ते ओझे मुलांचे नव्हे.