हवेच्या पान्याची निवड

ज्या शेतकऱ्याच्या दारीं ट्रॅक्टर, ट्रॉली आणि एखादी मोटार आहे, त्याला चाक काढण्यासाठीं दर वेळीं कारागिराची वाट पाहणें परवडत नाहीं. टायरवाल्याकडील हवेची गन क्षणार्धांत नट सोडविते हें पाहून तसेंच यंत्र घरीं असावें, अशी इच्छा होणें साहजिक आहे. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं कांहीं गोष्टींचा विचार अवश्य करावा.

या पान्याचें बळ ठोक्यांत आहे. दाबलेली हवा आंतील पात्यांचें चक्र वेगानें फिरविते, आणि त्याबरोबर फिरणारा हातोडा पुढील दांड्यावर भराभर ठोके देतो. म्हणून गंजलेला नट सुटतो, पण धरणाऱ्याच्या मनगटास हिसका थोडाच बसतो.

पान्याचें माप पुढील चौकोनी दांड्यावरून ठरतें. मोटार, जीप व लहान ट्रॉली यांस अर्धा इंची पाना पुरतो. मोठ्या ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें व भारी ट्रॉली यांस पाऊण इंची लागतो. मोटारीच्या चाकाचा नट बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटर आंवळलेला असतो, पण गंजल्यावर सोडण्यास त्याहून पुष्कळ अधिक जोर पडतो. जाहिरातींतील सर्वांत मोठा आंकडा पुष्कळदां केवळ नट सोडण्याचा असतो. नेहमींच्या कामाचा आंकडा निराळा विचारावा.

खरा खर्च पान्याचा नसून कॉम्प्रेसरचा आहे. अर्धा इंची पान्यास दर चौरस इंचास सुमारें ९० पौंड दाबाची, मिनिटास सरासरी ४ ते ५ घनफूट हवा लागते. सतत चालविल्यास कित्येक पट अधिक. कॉम्प्रेसरवरील आंकडा पुष्कळदां पिस्टन ओढतो त्या हवेचा असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून कमी असते. टायर फुगविण्याचा लहान पंप या कामीं निरुपयोगी होय. नळी आंतून १० मिलिमीटरच्या आसपास असावी. अरुंद नळींत दाब मरतो. शेतावर थ्री-फेज वीज ठराविक तासच मिळत असेल, तर घरच्या सिंगल-फेजवर चालणारा कॉम्प्रेसर पाहावा.

हातपान्याच्या चकचकीत गोट्या यास लावूं नयेत. ठोक्यानें त्या तडकून तुकडा डोळ्यांत जाऊं शकतो. ठोक्यासाठीं बनविलेल्या जाड, काळ्या गोट्याच घ्याव्या व चष्मा लावावा. रोज काम संपल्यावर टाकींतील पाणी सोडावें आणि पान्यांत हवेच्या तोंडाशीं तेलाचे चार थेंब घालावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आंवळण्याची. नट प्रथम हातानें चार आटे फिरवावा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीनें बसवावे, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्यानेंच, यंत्राच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें द्यावा. हवेच्या गनेनें अति आंवळल्यास बोल्ट ताणला जाऊन आंतून दुबळा होतो. उसानें भरलेल्या ट्रॉलीचें चाक रस्त्यावर निखळलें तर जाणारा जीव परत येत नाहीं.

वर्षांतून दोन-चार वेळांच चाक काढणाऱ्यानें लांब दांड्याचा पाना, चांगल्या गोट्या व एक टॉर्क पाना घ्यावा. त्यांतच त्याचें हित आहे. ज्याच्याकडे तीन-चार वाहनें असून कॉम्प्रेसर इतर कामांसही लागतो, त्यानें हवेचा पाना खुशाल घ्यावा. दोन-तीन शेजाऱ्यांनीं मिळून घेतल्यास तो अधिक स्वस्त पडेल.